रॉक संगीतावरची पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉकवरची पुस्तकं मी गेली वीसेक वर्षं वाचते आहे. ओळखीपाळखीचे लोक त्याबद्दल विचारत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. एक मराठी पुस्तक सोडलं तर इथली सगळी पुस्तकं इंग्रजी आहेत. कथा-कादंबऱ्या यात नाहीत. चरित्रं, आठवणी, समीक्षा आणि इतिहास एवढंच आहे.

गाणं ऐकायचं असतं. त्यावर वाचायचं कशाला?

मराठी वाचकाला तरी हा प्रश्न पडू नये. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ मध्ये आलं. ते वाचून कुणी गवई होत नाही, पण किराणा आणि जयपूर ऐकताना कान कुठे लावायचा ते कळतं. रॉकवरची चांगली पुस्तकंही हेच करतात.

माझंच सांगते. इयन मॅकडोनाल्ड यांच्या 'रेव्होल्यूशन इन द हेड' (१९९४) या पुस्तकात बीटल्सच्या एकेका गाण्यावर टिपणं आहेत. 'टुमॉरो नेव्हर नोज' मी त्याआधी पन्नासदा तरी ऐकलं असेल. टिपण वाचलं, आणखी एक-दोन पुस्तकं उघडली आणि मग हेडफोन लावून बसले. या गाण्याचं ध्वनिमुद्रण ६ एप्रिल १९६६ ला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत सुरू झालं. गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच गुच्छावर उभं आहे आणि मागे तंबोरा लागलेला आहे. ड्रमचा नाद घट्ट यावा म्हणून मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबलं होतं. पक्ष्यांच्या कलकलाटासारखं जे ऐकू येतं, ते टेपचे तुकडे गोल चिकटवून फिरवलेले आहेत. उत्तरार्धात जॉन लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून आणला आहे. एका षड्जाला धरून बसणं आपल्याला लहानपणापासून ओळखीचं आहे. इंग्लंडातल्या तीन मिनिटांच्या पॉप गाण्यात ते केवढं धाडस होतं, हे मला वाचल्यावर समजलं.

मी रॉक फारसं ऐकलेलं नाही. पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

गायिका पॅटी स्मिथचं 'जस्ट किड्स' (२०१०). रॉकची काहीच माहिती नसली तरी अडत नाही. न्यूयॉर्कमध्ये कफल्लक अवस्थेत राहणारी दोन विशीतली मुलं, पॅटी आणि छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प, यांची ही गोष्ट. रॉबर्ट १९८९ मध्ये वारला. त्याच्याबद्दल लिहीन, असा शब्द पॅटीने त्याला दिला होता. तो पाळायला तिला वीस वर्षं लागली आणि त्या वर्षीचा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड या पुस्तकाला मिळाला.

त्यातला एक प्रसंग मी अनेकांना वाचून दाखवला आहे. भुकेली पॅटी एका खानावळीत जाते. तिथे यंत्रात नाणी टाकली की काचेमागचं सँडविच घेता येतं. नाणी टाकली तरी कप्पा उघडत नाही, कारण भाव वाढून ६५ सेंट झालेला असतो आणि तिच्याकडे दहा सेंट कमी असतात. मागून एक माणूस येतो, दहा सेंट टाकतो, वर कॉफीही पाजतो. तो कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग असतो. थोडा वेळ बोलणं झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की हा देखणा मुलगा नसून मुलगी आहे. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये कवी, चित्रकार आणि गिटार घेऊन हिंडणारी पोरं एकाच फुटपाथवरची होती. एरवी ते सांगायला दहा पानं लागली असती.

रॉकवर गंभीरपणे लिहिणं कधी सुरू झालं?

साठच्या दशकाच्या मध्यावर. १९६६ मध्ये पॉल विल्यम्स नावाच्या कॉलेजातल्या मुलाने 'क्रॉडॅडी' हे नियतकालिक काढलं, १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' निघालं आणि १९६९ मध्ये डेट्रॉइटमध्ये 'क्रीम'. १९६८ मध्ये 'न्यूयॉर्कर'ने एलन विलिस यांना आपली पहिली पॉप समीक्षक नेमलं. सिनेमावर आणि जाझवर लिहिणारे आधीपासून होते, पण रॉकला तोवर पोरासोरांचा धिंगाणा समजत.

पुस्तकांमध्ये निक कोन यांचं 'ऑपबॉपअलूबॉप' हे सुरुवातीचं. १९६९ मध्ये छापलं गेलं, पण लिहिलं आदल्या वर्षी, आयर्लंडच्या किनाऱ्यावर बसून, वयाच्या बाविसाव्या वर्षी. नुसत्या जोशात लिहिलेलं आहे आणि अजून तितकंच चटकदार वाटतं. माहितीसाठी मात्र त्यावर विसंबू नका.

लेस्टर बँग्ज वाचावा का?

वाचावा, पण थोडा थोडा. बँग्ज १९८२ मध्ये गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. त्याचे निवडक लेख ग्रील मार्कस यांनी १९८७ मध्ये 'सायकॉटिक रिअ‍ॅक्शन्स अँड कार्ब्युरेटर डंग' या नावाने संपादित केले. त्याची वाक्यं पानभर धावतात, तो चिडतो, भरकटतो आणि आवडत्या कलाकाराशीही हमरीतुमरीवर येतो. नक्कल करायला हा लेखक घातक आहे. त्याच्यासारखं लिहू पाहणारे शेकडो झाले आणि त्यांतले फार थोडे वाचवतात. त्याचा १९७९ चा एक लेख मात्र चुकवू नका. न्यूयॉर्कच्या पंक (रॉकचाच एक रांगडा, बंडखोर प्रकार) मंडळींमध्ये सहज म्हणून चालणाऱ्या वंशद्वेषी बोलण्याबद्दलचा तो लेख आहे. त्यात बँग्ज स्वतःची जुनी वाक्यंही बाहेर काढतो आणि त्यांची लाज वाटते असं सरळ लिहितो.

एल्व्हिस प्रेस्लीवर इतकी पुस्तकं आहेत. एकच वाचायचं तर?

पीटर गुरालनिक यांचं 'लास्ट ट्रेन टू मेम्फिस' (१९९४). दुसरा खंड 'केअरलेस लव्ह' १९९९ मध्ये आला. पहिला खंड १९५८ मध्ये थांबतो. आई गेलेली आणि एल्व्हिस लष्करी नोकरीसाठी जर्मनीला निघालेला. नंतर काय होणार हे वाचकाला ठाऊक असतं, पण गुरालनिक ते आधीच सूचित करत नाहीत. १९५४ च्या जुलैत सन स्टुडिओत एकोणीस वर्षांचा ट्रकचालक मुलगा आर्थर क्रूडपचं जुनं ब्लूज (काळ्या अमेरिकनांच्या लोकसंगीताचा एक प्रकार) गाणं उगाच मस्करीत म्हणायला लागतो. तिथे हजर असलेल्या कुणालाही पुढचं काही माहीत नसतं आणि वाचणारा त्यांच्यातलाच एक होऊन बसतो. मला चरित्रलेखन असं हवं असतं. दुसरा खंड वाचताना मला फार त्रास झाला. एका माणसाला त्याच्याच घरात एकटं पडताना पाहायचं आणि तेही शेकडो पानं. सलग वाचायची घाई करू नका.

रॉक हे काळ्या लोकांकडून चोरलेलं संगीत आहे, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर एका शब्दात देता येत नाही.

मराठी वाचकाला तो परका नाही. पिढ्यानपिढ्या पायांत चाळ बांधून लावणी जगवली कुणी आणि ती पडद्यावर गेल्यावर नाव-पैसा कुणाला मिळाला, हे आपण पाहिलं आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलं, ते उगाच नव्हे.

आता 'हाउंड डॉग' हे एकच गाणं घेऊ. बहुतेकांना ते १९५६ च्या एल्व्हिसमुळे माहीत असतं. त्याआधी १९५३ मध्ये बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने ते गाजवलं होतं. आयतोबा पुरुषाला घराबाहेर काढणारी बाई त्यात गाते. एल्व्हिसपर्यंत येता येता शब्द बदलले आणि गाणं खरोखरीच्या कुत्र्याला उद्देशून असावं तसं झालं. इथवर गोष्ट सरळ आहे. पण गाणं लिहिलं होतं जेरी लायबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू मुलांनी, वय वर्षं एकोणीस. म्हणजे शब्द-चाल त्यांची, जीव थॉर्नटनचा आणि साम्राज्य एल्व्हिसचं. तिच्या वाट्याला आलेली रक्कम ती पाचशे डॉलर सांगत असे. 'चोरी' म्हटलं की गाणं लिहिणारे दोघे विसरायला होतात आणि 'देवाणघेवाण' म्हटलं की ते पाचशे डॉलर झाकले जातात.

यासाठी मॉरीन मेहन यांचं 'ब्लॅक डायमंड क्वीन्स' (२०२०) वाचा. रॉकमधल्या काळ्या स्त्रियांवरचं पुस्तक आहे, त्यात थॉर्नटन आहेच. सोबत गेल वॉल्ड यांचं 'शाउट, सिस्टर, शाउट!' (२००७). सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारवर गाणारी बाई, एल्व्हिस शाळकरी असतानाच लोकप्रिय झालेली. १९७३ मध्ये ती वारली आणि फिलाडेल्फियातल्या तिच्या कबरीवर पस्तीसेक वर्षं साधा दगडही नव्हता. हे पुस्तक आल्यानंतर चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले आणि तिच्या नावाचा दगड बसला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये ती गेली २०१८ मध्ये. पुस्तकांनी काय होतं, असं कुणी म्हटलं की मी त्या दगडाची गोष्ट सांगते.

आणि एक सावधगिरी. ग्रील मार्कस यांचं 'मिस्ट्री ट्रेन' (१९७५) हे या विषयावरचं थोर पुस्तक. अमेरिकेने स्वतःबद्दल ज्या गोष्टी रचल्या त्या रॉकच्या गाण्यांत कशा उतरल्या, हे त्याने दाखवलं. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनवरचं त्यातलं प्रकरण मात्र दंतकथेच्या छायेत लिहिलेलं आहे. जॉन्सनने तिठ्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार वाजवण्याची कला मिळवली, ही ती दंतकथा. ब्रूस कॉनफर्थ आणि गेल डीन वॉर्डलो यांचं 'अप जम्प्ड द डेव्हिल' (२०१९) वाचलं की सैतान जातो आणि रियाज करणारा, इतरांच्या रेकॉर्डी बारकाईने ऐकणारा, १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित करून सत्ताविसाव्या वर्षी गेलेला एक हुशार तरुण समोर येतो. मला हा तरुण सैतानापेक्षा जास्त भावतो. काळ्या कलाकाराच्या मेहनतीला जादू म्हटलं की मेहनत पुसली जाते.

कलाकारांच्या आत्मचरित्रांवर कितपत विश्वास ठेवावा?

भावनांबाबत ठेवा, तारखांबाबत ठेवू नका. बॉब डिलनचं 'क्रॉनिकल्स' (२००४) अप्रतिम आहे, पण काळाच्या उड्या मारतं आणि त्यातली कितीतरी वाक्यं इतर पुस्तकांतून उचललेली आहेत असं वाचकांनी शोधून दाखवलं. डिलनची गाणीही जुन्या गाण्यांचे तुकडे घेऊनच बनतात, तेव्हा मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही. रोलिंग स्टोन्स या बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याचं 'लाइफ' (२०१०) पत्रकार जेम्स फॉक्स यांच्या मदतीने लिहिलेलं. नशेच्या कहाण्यांसाठी लोक ते घेतात. गिटारची एक तार काढून टाकून पाच तारा वेगळ्या सुरात लावल्या की काय होतं, ती पानं माझ्या मते पुस्तकाचा गाभा आहेत.

पत्रकारही चुकतात, कधी जाणूनबुजून. वर ज्यांचा उल्लेख आला त्या निक कोन यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या डिस्को तरुणांवर एक लेख लिहिला. त्यावरून 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा सिनेमा निघाला. वीसेक वर्षांनी त्यांनी कबूल केलं की लेखाचा नायक त्यांनी रचलेला होता. उलट बाजूला स्टॅनली बूथ. ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट इथे रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला, तेव्हा बूथ बँडसोबत तिथे होते. 'द ट्रू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ द रोलिंग स्टोन्स' छापायला त्यांना १९८४ उजाडलं. पंधरा वर्षं ते त्या दिवसाशी झगडत राहिले, हे पानापानावर जाणवतं.

विद्यापीठी पुस्तकं समजतील का? डोकं फिरेल अशी भीती वाटते.

डिक हेब्डिज यांचं 'सबकल्चर' (१९७९) छोटं आहे, पण भाषा अवघड. त्यातली एकच गोष्ट हाती लागली तरी पुरे. सेफ्टी पिन बाळाच्या लंगोटाला लावतात तेव्हा ती साधी वस्तू असते. तीच गालात टोचून रस्त्याने फिरलं की समोरचा अस्वस्थ होतो. म्हणजे वस्तू नव्हे, तिची जागा बोलते. हे कळल्यावर आपल्याकडच्या डीजेच्या भिंती आणि पोरांच्या केसांच्या तऱ्हा यांच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. जॉन सॅवेज यांचं 'इंग्लंड्स ड्रीमिंग' (१९९१) हे सेक्स पिस्टल्स हा पंक बँड आणि १९७६-७७ चं इंग्लंड यांवरचं पुस्तक जाड आहे पण सहज वाचता येतं. बेकारी, राणीचा रौप्यमहोत्सव आणि बीबीसीने बंदी घातलेलं गाणं, सगळं एका कथेत येतं.

मायकेल अझेराड यांचं 'अवर बँड कुड बी युअर लाइफ' (२००१) मला याहून जवळचं. १९८१ ते १९९१ मधले तेरा अमेरिकन बँड, मोठ्या कंपन्यांशिवाय उभे राहिलेले. मोडकी व्हॅन, अनोळखी लोकांच्या घरी जमिनीवर झोपणं, पोस्टर स्वतः चिकटवणं. ज्यांनी एकांकिकेचा सेट टेम्पोत घालून गावोगाव नेला आहे त्यांना हे पुस्तक अनोळखी वाटणार नाही.

बायकांनी लिहिलेलं काय वाचू?

एलन विलिस यांचे लेख 'आउट ऑफ द विनाइल डीप्स' (२०११) मध्ये एकत्र आले आहेत. बायकांना तुच्छतेने वागवणारं गाणं एखाद्या बाईने आवडीने ऐकलं तर ती कोण ठरते, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि सोपं उत्तर दिलं नाही. द स्लिट्स या पंक बँडच्या व्हिव्ह अल्बर्टीन यांचं आत्मचरित्र (२०१४) दोन भागांत आहे. पहिल्यात पंक, दुसऱ्यात कर्करोग, मूल होण्यासाठीची धडपड, मोडलेलं लग्न आणि मध्यमवयात पुन्हा गिटार हातात घेणं. बहुतेक रॉक आत्मचरित्रं प्रसिद्धी ओसरली की आटोपतं घेतात. हे तिथूनच खरं सुरू होतं.

मुंबई-गोव्याच्या रॉकवर काही आहे का?

सिद्धार्थ भाटिया यांचं 'इंडिया सायकेडेलिक' (२०१४) हे आधी घ्या. साठ-सत्तरच्या दशकांतले मुंबई, कोलकाता आणि इतर शहरांतले बँड त्यात भेटतात. सिमला सिगारेटच्या नावाने भरणारी 'सिमला बीट' स्पर्धा हा त्या पिढीचा मोठा आधार होता. तिच्यातल्या बँडच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी आज संग्राहक शोधत फिरतात. परदेशी गिटार मिळणं दुरापास्त, रेकॉर्डी पाहुण्यांनी आणल्या तर. आपल्याकडे घराण्यात गुरू समोर बसून शिकवतो. या मुलांचा गुरू म्हणजे तबकडी. सुई उचलायची, पुन्हा ठेवायची आणि तोच तुकडा बोटांत बसेपर्यंत वाजवायचा.

गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांचं आत्मचरित्र 'रेमो' २०२१ मध्ये आलं. बीटल्स ऋषिकेशला येऊन राहिले होते, त्या गोष्टीसाठी अजय बोस यांचं 'अक्रॉस द युनिव्हर्स' (२०१८). क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या चरित्रांमध्ये पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेची पानं आवर्जून वाचा. फारुख बलसाराचा 'फ्रेडी' तिथेच झाला आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही तिथलाच. अरुण कोलटकरांनी सत्तरच्या दशकात इंग्रजीत गाणी लिहून ध्वनिमुद्रित केली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं; त्यातली काही 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' (२००९) मध्ये आहेत.

तरीही बरंच लिहायचं राहिलं आहे. १९७२ मध्ये लेड झेपलिन या इंग्लिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांसोबत दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेले. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. पेज-प्लांटवर डझनभर पुस्तकं आहेत. त्या दिवशी वाजवलेल्या मुंबईच्या वादकांचं पुस्तक मला वाचायचं आहे.

माझे काका सत्तरच्या दशकात बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत. कसं करू?

आधी लेग्ज मॅकनील आणि जिलियन मॅकेन यांचं 'प्लीज किल मी' (१९९६) चाळा. न्यूयॉर्कच्या पंकचा हा इतिहास निव्वळ लोकांच्या बोलण्यातून उभा केला आहे, मध्ये लेखकाचं निवेदन नाही. दोन माणसं एकाच रात्रीबद्दल परस्परविरोधी सांगतात आणि दोन्ही शेजारी शेजारी छापलेलं आहे. तुम्हीही तसंच करा. काकांना दुरुस्त करू नका, त्यांचा ड्रमर हयात असेल तर त्यालाही गाठा.

'तेव्हा कसं वाटायचं?' असं विचारलं की 'मजा यायची' यापुढे काही येत नाही. वस्तूंबद्दल विचारा. गिटार कुणाकडून घेतली, किती रुपयांना? अ‍ॅम्प कुणी बनवून दिला? तार तुटली तर काय करायचे? रंगभवनातून रात्री परत यायला गाडी कोणती असायची? घरी काय सांगून निघायचे? फोनवर ध्वनिमुद्रण करा, सुरुवातीलाच तारीख आणि सगळ्यांची नावं मोठ्याने बोलून घ्या. जुने फोटो काढायला लावा आणि मागची बाजूही टिपून घ्या. स्टुडिओचा शिक्का, कुणाच्या अक्षरातलं साल तिथेच सापडतं. काकूंना वेगळं बसवून विचारा. कार्यक्रमाचे कपडे कुणी शिवले आणि सरावाला कुणाच्या घरातली खोली मिळायची, हे बहुतेक वेळा त्यांनाच आठवतं.